धरणी थरथरत राहते तेव्हा...

भूकंप म्हटला की महाराष्ट्रात अजूनही पहिले नाव निघते ते किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. गणपती विसर्जन करून माणसे नुकती कुठे अंथरुणाला टेकली होती. चार वाजायला चारच मिनिटे होती आणि दगडमातीच्या रुंद भिंती त्यांच्या अंगावर आल्या. हजारो माणसे झोपेतच गेली. तेव्हापासून भूकंपाची एक प्रतिमा आपल्या मनात पक्की बसली आहे. तो न सांगता येतो, मिनिटभरात सारे उद्ध्वस्त करतो आणि जातो.

पण किल्लारीच्या कहाणीचा एक आधीचा भाग आहे. तो फारसा कुणी सांगत नाही. १९९२ च्या ऑगस्टपासूनच तिथली जमीन कुरकुरत होती. लहान लहान धक्के बसत होते. ऑक्टोबरमधला एक तर साडेचारच्या आसपासचा होता. मग हळूहळू ते थांबले. माणसे शेतीला लागली, पोरे शाळेत गेली, आणि पुढचे सुमारे वर्षभर फारसे काही घडले नाही.

ते धक्के म्हणजे इशारा होता का? आज आपण सहज ‘हो’ म्हणून मोकळे होतो. पण १९९२ च्या दिवाळीत हा प्रश्न जगातल्या कुठल्याही भूकंपतज्ज्ञापुढे ठेवला असता, तरी त्याने छातीठोक उत्तर दिले नसते. आज विचारला तरी तो देणार नाही. आजच्या लेखाचा विषय आहे तो हाच. एक मोठा भूकंप नव्हे, तर दिवसामागून दिवस, कधी महिनोन्‌महिने बसत राहणारे शेकडो, हजारो लहान धक्के, आणि त्यांच्या संगतीने जगावे लागणारी माणसे.

मी भूगोलाचा मास्तर. बत्तीस वर्षे शाळेत भूकंप शिकवला. पाठ्यपुस्तकात नाभी, अपिकेंद्र, प्राथमिक लहरी, दुय्यम लहरी अशी सारी आकृत्यांसह बडदास्त होती; पण या प्रकाराला जेमतेम दोन ओळी. नेहमीच्या भूकंपाची रीत ठरलेली असते. एक मुख्य धक्का, क्वचित त्याच्या आधी काही पूर्वधक्के, नंतर आठवडे-महिने विरत जाणारे पश्चात्‌ धक्के. जणू घरात एक कर्ता पुरुष आणि मागेपुढे गोतावळा. या दुसऱ्या प्रकारात कर्ता कुणीच नसतो. सगळे साधारण एकाच उंचीचे, एकाच भागात, एकापाठोपाठ एक. इंग्रजीत त्याला ‘स्वॉर्म’ म्हणतात. मधमाश्यांचे मोहोळ उठते त्यालाही हाच शब्द. आपणही त्याला भूकंपांचे मोहोळ म्हणायला हरकत नाही. मोहोळ उठले की पुढे काय होणार हे मधमाश्यांनाच ठाऊक!

ही मोहोळे सर्वात जास्त उठतात ती भूपट्टांच्या सीमांवर. पृथ्वीचे कवच अखंड नाही, ते मोठमोठ्या तुकड्यांचे बनलेले आहे आणि हे तुकडे आपली नखे वाढतात साधारण त्या वेगाने सरकत असतात, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. दोन तुकड्यांच्या कडा जिथे एकमेकींना घासतात, एकीखाली दुसरी जाते किंवा दोघी दूर होतात, तिथे खडकाला सतत ताण. त्या ताणलेल्या खडकाच्या भेगांत खालून काहीतरी घुसू लागले की मोहोळ उठते. ते ‘काहीतरी’ दोनपैकी एक असते. एक तर पाणी, नाही तर शिलारस. कधी कधी प्रस्तरभंगाची एक बाजू गपचूप, न थरथरता सरकते आणि शेजारच्या खडकांना बारीक बारीक हिसके देते, तोही एक प्रकार. पण पाणी आणि शिलारस हे दोन मुख्य गुन्हेगार.

पाण्याचे नाव काढले की मला जपानमधले मात्सुशिरो आठवते. जगातल्या सर्वात नामांकित मोहोळांपैकी एक तिथले. नागानो शहराच्या कुशीतले हे छोटेसे गाव. जपानच्या मुख्य बेटाला आडवी छेदणारी एक भूवैज्ञानिक रेषा या भागाजवळून जाते. अनेक शास्त्रज्ञ तिला दोन भूपट्टांची सीमा मानतात. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या काळात, अमेरिका मुख्य भूमीवर उतरणार या भीतीने, सम्राटासह सारे लष्करी मुख्यालय हलवण्यासाठी इथल्या डोंगरांत मैलोन्‌मैल बोगदे खणले गेले. सक्तीने आणलेल्या कोरियन मजुरांनी त्यात हाल सोसले, प्राणही गमावले. युद्ध संपले, सम्राट काही आला नाही. मग १९४७ साली त्या बोगद्यांत भूकंप वेधशाळा थाटण्यात आली. गंमत पाहा, जगातली उत्तम उपकरणे डोंगराच्या पोटात मांडून शास्त्रज्ञ दूरदूरचे भूकंप टिपत बसले होते, आणि ३ ऑगस्ट १९६५ रोजी भूकंप त्यांच्याच पायाखाली सुरू झाले!

सुरुवातीचे धक्के इतके बारीक होते, की माणसाला कळूही नयेत. नोव्हेंबरपर्यंत गाव हादरू लागले. १९६६ च्या एप्रिलमध्ये तर एका दिवसात पाचशेहून जास्त धक्के माणसांना जाणवले. म्हणजे सरासरी तीन मिनिटांना एक. जेवायला बसा, धक्का. पोराला झोपवा, धक्का. दोनेक वर्षांत माणसांना जाणवलेल्या धक्क्यांची संख्या साठ हजारांवर गेली. यंत्रांनी टिपलेले तर सात लाखांच्या वर. त्यातला सर्वात मोठा धक्का ५.४ चा होता. तेवढाच! एकाही माणसाचा जीव गेला नाही. पण दोन वर्षे एक अख्खे गाव कपडे न बदलता झोपले असेल, याचा हिशेब कुठल्या यंत्राने करायचा?

मात्सुशिरोची जमीन फुगत होती. मिनाकामी नावाच्या टेकडीच्या आसपासचा भाग वर उचलला गेला, जमिनीला भेगा पडल्या आणि त्यातून पाणी वाहू लागले. थोडेथोडके नव्हे, कोट्यवधी घनफूट. खारट, खनिजांनी भरलेले पाणी. पाणी भरपूर बाहेर पडले, मग धक्केही ओसरत गेले. खोल दाबाखाली अडकलेल्या पाण्याने वर येण्यासाठी वाट फोडली आणि ती फोडताना खडक तडकत गेले, असा उलगडा नंतर शास्त्रज्ञांनी केला. आपल्याकडे कोयनेचा भूकंप झाला तो याच सुमारास, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. धरणाचे पाणी आणि भूकंप यांचा काही संबंध असू शकतो का, यावर आपल्या लोकांचा विश्वास बसत नव्हता, तेव्हा तिकडे एक गाव आपल्या अंगणातून ते पाणी वाहताना पाहत होते. दोन्हीकडची कारणे वेगळी, हे खरे. एकीकडे वरून भरलेले पाणी, दुसरीकडे खालून आलेले. पण खडकाच्या भेगेत पाण्याचा दाब वाढला की ती भेग निसटते, हे सूत्र एकच.

मात्सुशिरोच्या नगराध्यक्षांची एक आठवण जपानमध्ये आजही सांगितली जाते. तुम्हाला काय मदत हवी, असे विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, की आम्हाला पैसा नको, वस्तू नको, आम्हाला शास्त्र हवे. आपल्याकडे आपत्ती आली की ब्लँकेटे आणि तांदूळ यांचे ट्रक निघतात. ते निघायलाच हवेत. पण एखाद्या सरपंचाने मंत्र्याला, ‘आम्हाला नेमके काय चालले आहे ते समजावून सांगणारा माणूस द्या’ असे सांगितल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

आता शिलारसाकडे वळू. २०२२ च्या जुलैअखेर सौ. आणि मी, मुलाच्या आग्रहाने, पुण्याच्या एका सहल कंपनीबरोबर आइसलँडला गेलो होतो. बरोबर अठ्ठावीस मंडळी, थेपले, लोणच्याच्या बाटल्या, सारे काही. थिंगवेल्लिरच्या दरीत उभे राहून गाइडने दोन्ही हात पसरले आणि सांगितले, की इकडे अमेरिका, तिकडे युरोप, दर वर्षी दोन सेंटीमीटरने लांब जात आहेत. मंडळींनी फोटो काढले. मी मात्र त्या काळ्या कड्यांकडे पाहत नुसता उभा राहिलो. बत्तीस वर्षे फळ्यावर खडूने जी रेष ओढली, ती ही!

३१ तारखेला आम्ही राजधानी रेक्याविकमध्ये होतो. आदल्या दिवसापासून दक्षिणेकडच्या रेक्यानेस द्वीपकल्पावर मोहोळ उठले होते. संध्याकाळी खोलीतली खुर्ची हलली, भिंतीवरची तसबीर खडखडली आणि सौ. ने माझा दंड घट्ट धरला. धक्का ५.४ चा होता, ग्रिंडाविक नावाच्या कोळ्यांच्या गावाजवळचा. आम्ही जिन्याने धावत खाली आलो, तर लॉजच्या मालकीणबाई ओट्यावर शांतपणे कांदा चिरत होत्या. मी विचारले, आता काय होईल? त्या म्हणाल्या, ‘एक तर काही होणार नाही, नाही तर जमीन फुटेल. फुटली तर बघायला जाऊ.’ तीन दिवसांनी, ३ ऑगस्टला, मेरादालिर दरीत खरोखरच जमीन फुटली. माणसे मुलाबाळांना घेऊन, डबे बांधून, जत्रेला जावे तशी लाव्हा पाहायला गेली. आमचे मात्र विमान ठरलेले होते.

त्या बाईंचा शांतपणा मला तेव्हा फार आवडला होता. आठशे वर्षे झोपलेले हे द्वीपकल्प २०२१ मध्ये जागे झाले, ते असेच. २४ फेब्रुवारीला ५.७ चा धक्का, मग तीन आठवडे हजारो धक्के, आणि १९ मार्चला फाग्रादाल्सफ्यातल इथे निर्जन दरीत उद्रेक. कुणाचे काही बिघडले नाही. पण शिलारस दर वेळी सोयीच्या जागीच वर येईल असे कुणी सांगितले आहे?

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर पुन्हा मोहोळ उठले. १० नोव्हेंबरला, शुक्रवारी दुपारनंतर, ग्रिंडाविकमध्ये धक्क्यांची अशी झड लागली की धक्के मोजणेच अशक्य झाले. धक्क्यांची ठिकाणे नकाशावर मांडली तेव्हा एक सरळ रेघ दिसू लागली आणि ती रेघ हळूहळू दक्षिणेकडे, गावाच्या खाली सरकत होती. पंधरा किलोमीटर लांबीची शिलारसाची भिंत जमिनीखाली वाट फोडत चालली होती. इथे मोहोळाने बोलून दाखवले, आणि ते ऐकायला यंत्रे आणि माणसे जागेवर होती. त्याच रात्री गाव रिकामे करण्याचा हुकूम निघाला. सुमारे ३,८०० माणसे मध्यरात्री गाड्यांत बसून निघाली. कुणी कुत्रे घेतले, कुणी फोटोंचा अल्बम. बहुतेकांना वाटले, दोन-चार दिवसांत परत येऊ.

पहिला उद्रेक झाला १८ डिसेंबरला, गावाबाहेर. १४ जानेवारी २०२४ ला मात्र लाव्हा गावाच्या वेशीच्या आत आला आणि घरे पेटली. माणसे टीव्हीवर आपली घरे जळताना पाहत होती. त्याआधी काही दिवस, जमिनीला पडलेली भेग बुजवण्याचे काम करणारा एक कामगार त्या भेगेत पडला, तो सापडलाच नाही. जुलै २०२५ पर्यंत त्या एकाच ओळीत नऊ उद्रेक झाले. सरकारने बहुतेकांची घरे विकत घेतली. लाव्हामुळे एकही रहिवासी दगावला नाही, याचे श्रेय त्या एका रात्रीच्या निर्णयाला. पण गाव? घर वाचवता येते, माणूस वाचवता येतो. किराणावाला, शाळा, बंदरावरचा गप्पांचा कट्टा यांना दुसरीकडे कसे नेणार?

मोहोळ उठले, शास्त्रज्ञांनी ओळखले, सरकारने ऐकले, माणसे वाचली. सरळ हिशेब. असाच हिशेब सगळीकडे लागला असता तर हा लेख लिहिण्याची गरजच नव्हती. आता इटलीत जाऊ.

रोमपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर, अपेनाइन पर्वताच्या रांगांत लाक्विला नावाचे मध्ययुगीन शहर आहे. आफ्रिका आणि युरेशिया यांच्या रेट्यात सापडलेला हा भाग. १३४९, १४६१, १७०३ असे या शहराने मोठे भूकंप पाहिले. त्यामुळे तिथल्या घराघरांत एक रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. रात्री धक्का बसला, की आजोबा पोरांना उठवायचे, अंगावर कांबळी टाकायची आणि चौकात किंवा मोटारीत रात्र काढायची. कुणी शास्त्रज्ञ सांगायला लागत नसे. आपल्याकडे ग्रहण सुटेपर्यंत जेवत नाहीत, तितक्याच सहजपणे.

२००९ च्या हिवाळ्यात तिथे मोहोळ उठले. लहान धक्के, दिवसामागून दिवस. त्यातच एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तंत्रज्ञाने जमिनीतून येणाऱ्या रेडॉन वायूच्या मोजमापांवरून मोठा भूकंप येणार असे सांगायला सुरुवात केली. शेजारच्या सुल्मोना गावी त्याच्या भाकिताने घबराट उडाली, तिथे काहीच झाले नाही, आणि अफवा पसरवल्याबद्दल त्याच्यावर तक्रार झाली. ३० मार्चला चारच्या वर एक धक्का बसला. लोक घाबरले. लोकांना शांत करणे आवश्यक आहे असे सरकारला वाटले, आणि दुसऱ्या दिवशी, ३१ मार्चला, देशातले नामवंत भूकंपतज्ज्ञ लाक्विलाला बोलावण्यात आले. तासाभराची बैठक झाली. बैठकीत शास्त्रज्ञ काय बोलले ते साधारण शास्त्राला धरूनच होते. मोठा भूकंप संभवनीय वाटत नाही, पण नाकारताही येत नाही. पण लोकांपर्यंत पोहोचले ते वेगळेच. नागरी संरक्षण खात्याचे उपप्रमुख बर्नार्दो दे बर्नार्दिनिस यांनी टीव्हीच्या वार्ताहराला सांगितले, की धोका नाही. उलट लहान धक्क्यांतून ऊर्जा बाहेर पडते आहे, ते चांगलेच. वार्ताहराने विचारले, मग आता घरी जाऊन वाइनचा एखादा पेला घ्यावा काय? त्यांनी होकार दिला आणि कुठली वाइन घ्यावी तेही सांगितले.

५ एप्रिलच्या रात्री अकरा वाजण्याच्या आधी एक धक्का बसला, साडेबारानंतर आणखी एक. अनेक घरांत तेव्हा वाद झाला असेल. आजोबांची रीत की टीव्हीवरच्या साहेबांचा शब्द? काही माणसे कांबळी घेऊन बाहेर पडली. बरीच घरात राहिली. पहाटे ३ वाजून ३२ मिनिटांनी ६.३ चा भूकंप झाला. ३०९ माणसे गेली. विद्यार्थ्यांचे एक वसतिगृह कोसळले, त्यात आठ तरुण पोरे गेली. एका डॉक्टरांनी पुढे सांगितले, की लहानपणी वडील आम्हाला दर वेळी बाहेर नेत, त्या रात्री मात्र मी कुटुंबाला घरात ठेवले. त्यांची बायको आणि मुलगी त्या रात्री गेली.

खटला झाला. २२ ऑक्टोबर २०१२ रोजी सहा शास्त्रज्ञ आणि दे बर्नार्दिनिस अशा सात जणांना प्रत्येकी सहा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. जगभर गदारोळ उडाला. भूकंपाचे भाकीत करता आले नाही म्हणून शास्त्रज्ञांना तुरुंगात टाकता, गॅलिलिओचा देश सुधारला नाही, वगैरे. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनीही तीच री ओढली. पण खटला भाकीत चुकल्याचा नव्हताच. शास्त्राला जे ठाऊक नव्हते ते ठाऊक असल्याचा भरवसा लोकांना दिला गेला का, हा प्रश्न होता. २०१४ मध्ये वरच्या न्यायालयाने सहाही शास्त्रज्ञांना निर्दोष सोडले आणि दे बर्नार्दिनिस यांची शिक्षा दोन वर्षांवर आणली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केले. मला हा निकाल योग्य वाटतो. मात्र त्या सहांपैकी एकानेही त्या आठवड्यात टीव्हीपुढे येऊन ‘साहेब म्हणाले ते खरे नाही’ असे म्हटले नाही, ही गोष्ट माझ्यातल्या मास्तराला अजून खटकते.

आणि ती ऊर्जा बाहेर पडण्याची कल्पना! ती आपल्याकडेही चहाच्या टपरीपासून मंत्रालयापर्यंत ऐकू येते. कुकरच्या शिट्ट्या होतात तसे ते आहे, वाफ गेली की धोका टळला. ऐकायला गोड आहे, पण हिशेबात बसत नाही. भूकंपाच्या मापावर एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. (आपण अजून त्याला रिश्टर स्केल म्हणतो, शास्त्रज्ञांनी ते माप केव्हाच मागे टाकले, पण आपली वर्तमानपत्रे रिश्टरला सोडायला तयार नाहीत.) म्हणजे सहाच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा चारच्या धक्क्यांनी फेडायची तर ते हजार लागतील, तीनच्या धक्क्यांनी फेडायची तर तीस हजारांवर. सावकाराचे लाखाचे कर्ज दहा-वीस पैशांच्या चिल्लरीने फेडण्यातला हा प्रकार.

मग मोठा येणार, असे धरून चालावे का? तेही नाही. बहुतेक मोहोळे मात्सुशिरोसारखी आपोआप विरून जातात. ग्रीसच्या सँटोरिनी बेटाजवळ २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत हजारो धक्के बसले. १९५६ साली याच समुद्रात अमोर्गोसजवळ सातच्या वरचा भूकंप होऊन लाटा उसळल्या होत्या, तो आठवून दहा हजारांहून जास्त माणसे बोटींनी, विमानांनी बेट सोडून गेली. सर्वात मोठा धक्का ५.३ चा निघाला. समुद्रतळाखाली शिलारस सरकला होता आणि वर न येताच थांबला, हे नंतरच्या अभ्यासातून कळले. त्याच वर्षी जून-जुलैत जपानच्या तोकारा बेटांवर मोहोळ उठले आणि अकुसेकी बेटावरच्या अनेकांना कागोशिमाला हलवावे लागले. नेमके त्याच सुमारास एका चित्रकथेतले ५ जुलैचे प्रलयाचे भाकीत गाजत होते, आणि हाँगकाँगच्या पर्यटकांनी जपानची तिकिटे रद्द केली! त्या दिवशी काही झाले नाही, हे सांगायला नकोच. उलट उदाहरण चीनचे. १९७५ च्या फेब्रुवारीत हायचेंगला पूर्वधक्क्यांची रांग लागली, लोकांना घराबाहेर काढले गेले, मोठा भूकंप झाला आणि असंख्य प्राण वाचले. पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ ला, तांगशानला कुठलीही पूर्वसूचना न देता भूकंप आला आणि सरकारी आकड्यानुसार २ लाख ४२ हजार माणसे गेली.

हे सारे वाचून, नकाशे पाहून, आपण शहाणे होतो. पण २०१९ च्या फेब्रुवारीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो डहाणू तालुक्यात आदिवासी पाड्यावर शिक्षक आहे. ‘सर, तुम्ही या. लोक मला विचारतात, मी काय सांगू?’ पालघर जिल्ह्यातली धुंदलवाडी, तलासरी, डहाणूची बाजू २०१८ च्या नोव्हेंबरपासून हादरत होती. हा भाग भूपट्टाच्या सीमेवर नाही, पट्टाच्या मध्यावर आहे, हे विशेष. मोहोळे तिथेही उठतात, कमी प्रमाणात. पावसाच्या पाण्याचा त्यात हात असावा, असा अंदाज पुढे काही अभ्यासकांनी मांडला. १ फेब्रुवारीला चारच्या आसपासचा धक्का बसला, त्या गडबडीत एक दोन वर्षांची मुलगी पडून दगावली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेची यंत्रे लागली होती. सरकारने तंबू दिले होते. शाळा झाडाखाली भरत होती.

मी गेलो. पाड्यावर एका म्हातारीच्या अंगणात आम्ही बसलो. तिची दोन घरे होती, शेजारी शेजारी. एक जुने, कुडाचे. कारवीच्या काठ्या, वर शेणमाती, हलके छप्पर. दुसरे तीन वर्षांपूर्वी मिळालेले घरकुल. विटांचे, सिमेंटचे, पण कोपऱ्यांना सळईचा बांध नाही. त्याच्या खिडकीपासून छतापर्यंत तिरकी भेग गेली होती.

‘गुरुजी, मोठा येणार का?’ तिने विचारले.

मी म्हणालो, ‘आजी, ते मलाच काय, कुणालाच सांगता येत नाही. बहुधा येणार नाही. पण येणारच नाही असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.’

तिने मान हलवली. निराश झाल्यासारखी वाटली नाही. मग विचारले, ‘मग निजायचं कुठल्या घरात?’

याचे उत्तर मात्र मला ठाऊक होते. कुडाच्या. काठीची भिंत लवते, अंगावर आली तरी माणूस मरत नाही. माळ्यावरची जड भांडी, पाटा, जाते खाली आणून ठेवा. धक्का बसला तर पोरांना घेऊन धावत सुटू नका, दारात गर्दी होते, माणूस पडतो. हलणे थांबले की बाहेर या. माझा विद्यार्थी हेच तिच्या बोलीत पुन्हा सांगत होता. म्हातारीने सुनेला हाक मारली आणि माळ्यावरून पाटा उतरवायला लावला.

‘आणि घरकुलात काय ठेवू?’

‘सरपण ठेवा,’ मी म्हणालो.

ती तोंडाला पदर लावून हसली. ‘सरकारचं घर सरपणाला!’ सुनेने पाटा अंगणात आणून टेकवला, तेवढ्यात जमिनीतून गडगड असा आवाज आला आणि पत्र्याच्या बादलीतले पाणी थरथरले. कोंबड्या ओरडल्या. कुणी धावले नाही. बादलीतले पाणी स्थिर होईपर्यंत सगळे त्याकडे पाहत बसले, आणि मग सून दुसऱ्या खेपेला जाते आणायला आत गेली.